आत्याला ‘शॉक’ द्यायचा का? म्हातारपणचं डिप्रेशन आणि विजेचे उपचार

“माझ्या पोटात आतडीच उरली नाहीत गं. घास जाणार कुठे?”

आत्या हे रडत-ओरडत सांगत नव्हती. सिलिंडर संपला असं सांगावं, तितक्या सपाट आवाजात सांगायची. वय 76. काका जाऊन दोन वर्षं झालेली. आधी तिने पेपर वाचणं सोडलं, मग तुळशीला पाणी घालणं, मग केस विंचरणं, आणि शेवटी जेवण. सहा महिन्यांत ती 54 किलोवरून 41 वर आली. कऱ्हाडात सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, पोटात काहीच सापडलं नाही. “वय झालं की असं व्हायचंच,” असं एकाने सांगितलं. शेजारच्या काकूंनी “बाहेरचं काही आहे का, बघून घ्या” असं सुचवलं. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण आत्या दुःखी दिसतच नव्हती. ती आजारी दिसत होती.

शेवटी नेलं तेव्हा डॉक्टर तिच्याशी अर्धा तास बोलत बसले आणि मग आम्हाला म्हणाले, “आजींना डिप्रेशन आहे, आणि ते भ्रमापर्यंत पोचलंय. गोळ्या सुरू करू, पण त्यांचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. आजी पाणीही धड पीत नाहीत. तेवढी वाट बघायची मला भीती वाटते. मी ईसीटी सुचवेन.”

“म्हणजे शॉक?” दादाने विचारलं. दादा म्हणजे आत्याचा मुलगा. “या वयात आईला शॉक?” तो उठून बाहेरच गेला, आणि आम्ही आत्याला घरी घेऊन आलो. पुढच्या तीन आठवड्यांत तिच्या पाठीला जखम झाली, रक्तातलं सोडियम घसरलं आणि तिला उठवून बसवायला दोन माणसं लागायला लागली. चौथ्या आठवड्यात दादानेच डॉक्टरांना फोन केला.

ते तीन आठवडे माझ्या मनातून जात नाहीत. आम्ही वाईट माणसं नव्हतो. आम्हाला फक्त एका शब्दाची भीती वाटली. त्या शब्दाच्या आत नेमकं काय आहे ते तेव्हा कोणी सांगितलं असतं तर, असं वाटत राहतं. म्हणून हे लिहिते आहे.

म्हातारपणी ते वेगळं दिसतं

तरुण माणसाला डिप्रेशन आलं की तो बहुधा म्हणतो, मन लागत नाही, रडू येतं. सत्तरीतला माणूस असं म्हणेलच असं नाही. तो म्हणतो, पोट साफ होत नाही, अंगात ताकद नाही, झोप पहाटे तीनलाच उडते. काही जण एका जागी बसून राहतात. काही जण उलट दिवसभर हात चोळत घरात येरझाऱ्या घालतात. विसरभोळेपणा तर इतका येतो की घरच्यांना हा स्मृतिभ्रंशच वाटतो. त्यात एक फरक अनुभवी डॉक्टरांच्या लक्षात येतो. स्मृतिभ्रंश झालेला माणूस चुकीचं का होईना, उत्तर देतो आणि आपली चूक झाकायला बघतो. डिप्रेशनमधला माणूस प्रयत्नच सोडून देतो. “आज वार कोणता?” “माहीत नाही.” “नाश्त्याला काय होतं?” “माहीत नाही.” अर्थात दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, त्यामुळे हे घरी बसून ठरवायचं काम नाही.

सगळ्यांत गंभीर प्रकार आत्याचा होता. डिप्रेशन खोल गेलं की भ्रम सुरू होतात, आणि त्यांचा रंग ठरलेला असतो: माझं शरीर आतून कुजलंय, घरातला पैसा संपलाय, मी मोठं पाप केलंय, मी मेलेच आहे. “अगं, आतडी नसती तर तू जिवंत कशी?” असं समजावून काही उपयोग होत नाही. आम्ही ते रोज करत होतो.

हे निदान करण्याआधी थायरॉइड, बी-12, सोडियम तपासून घ्यावं लागतं. पार्किन्सन किंवा न कळलेला छोटा अर्धांगवायूसुद्धा असाच चेहरा घेऊन येऊ शकतो. गोळ्यांचंही म्हातारपणी त्रांगडं असतं. काही गोळ्यांनी सोडियम उतरतं, काहींनी उभं राहिल्यावर बीपी पडतं आणि माणूस बाथरूममध्ये घसरतो, काहींनी लघवी अडते. त्यात बीपी, साखर, हृदय यांच्या सहा गोळ्या आधीच सुरू असतात. बऱ्याच जणांना या गोळ्यांनी नक्कीच बरं वाटतं. पण ज्यांना नाही वाटत, किंवा ज्यांच्याकडे थांबायला वेळच नाही, त्यांच्यासाठी विजेचे उपचार आहेत.

विजेचं काम एवढंच: फिट आणायची

‘विजेचे उपचार’ या एका नावाखाली आपण अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबतो. ईसीटी, म्हणजे इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी, हा त्यातला सर्वांत जुना आणि आजही सर्वांत जोरकस. त्याबद्दलचा मोठा गैरसमज असा की वीज मेंदूला ‘झटका देऊन भानावर आणते’. तसं काही नसतं. औषधाचं काम करते ती फिट. वीज ही ती फिट आणण्याची सोय आहे.

इतिहास बघितला की हे चटकन कळतं. 1934 साली बुडापेस्टमध्ये लाडिस्लाउस मेडुना नावाच्या डॉक्टरांनी मानसिक आजाराच्या रुग्णांना कापराचं इंजेक्शन देऊन मुद्दाम फिट आणायला सुरुवात केली. काही रुग्ण खरोखर सुधारले. पुढे कापराऐवजी दुसरं औषध आलं, पण इंजेक्शन दिल्यापासून फिट येईपर्यंतचे क्षण रुग्णाला इतके भयंकर जायचे की तो पुन्हा सुईजवळ यायला तयार नसायचा. 1938 च्या एप्रिलमध्ये रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी तीच फिट विजेने आणून दाखवली. रुग्ण क्षणात बेशुद्ध व्हायचा, त्यामुळे ती भीती टळायची. म्हणजे वीज आली ती रुग्णाचा त्रास कमी करायला, ही गोष्ट मला तरी नवी होती.

आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र असतं, चार माणसांनी धरून ठेवलेला, तडफडणारा रुग्ण, ते खोटं नाही. भूल न देता, स्नायू सैल न करता ईसीटी दिली जायची, तेव्हा आकडीच्या जोराने मणके मोडायचे. आपल्याकडे हा प्रकार फार वर्षं चालला, आणि ज्यांच्यावर तो झाला त्यांचा राग रास्त आहे. जगात 1950 च्या दशकापासून भूल आणि स्नायू सैल करणारं औषध यांची जोड रुळत गेली. भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 95 ने भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाविना ईसीटी देण्यावर बंदीच घातली आहे. लहान मुलांच्या बाबतीत तर पालकांची संमती आणि त्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची आगाऊ परवानगी, दोन्ही असल्याखेरीज ती देता येत नाही.

खोलीत काय होतं

आत्याच्या तिसऱ्या वेळी मला दारात उभं राहू दिलं होतं, म्हणून सांगते.

ती रात्रीपासून उपाशी. बीपीची गोळी तेवढी पहाटे घोटभर पाण्याबरोबर. कवळी काढून डबीत, चष्मा माझ्याकडे, पण कानातलं मशीन शेवटपर्यंत कानात, कारण सिस्टर म्हणाल्या की ऐकू येत नसलं की म्हातारी माणसं जास्त घाबरतात. लघवीला नेऊन आणलं. हाताला सलाईनची सुई, छातीवर ईसीजीच्या पट्ट्या, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. भूलतज्ज्ञ बाई वाकून म्हणाल्या, “आजी, दहापर्यंत म्हणा बघू.” आत्या चारपर्यंत पोचली.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी मला आधी समजलीच नाही. उजव्या घोट्याच्या वर बीपीचा पट्टा बांधून तो घट्ट फुगवला, आणि त्यानंतर स्नायू सैल करणारं औषध दिलं. आत्याच्या पापण्या, गाल, खांदे यांत बारीक थरथर उठली आणि पायाच्या बोटांपर्यंत जाऊन विरली. आता सगळं अंग सैल, फक्त उजवं पाऊल सोडून, कारण पट्ट्यामुळे तिथे औषध पोचलंच नव्हतं. दातांमध्ये, म्हणजे तिच्या हिरड्यांमध्ये, रबराचा तुकडा. कपाळाच्या बाजूला जेल लावलेली चकती. डॉक्टरांनी बटण दाबलं. पाचेक सेकंद जबडा आवळला गेला, तेवढंच. मग ते उजवं पाऊल हलायला लागलं, कपडे शिवायच्या मशीनचा पायटा चालवावा तसं. बाकी आत्या शांत झोपलेली. मशीनमधून कागदाची पट्टी बाहेर येत होती, तिच्यावर मेंदूतल्या लहरी दाट उमटत होत्या. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. 38 सेकंदांनी पाऊल थांबलं, पट्टीवरची रेघ सपाट झाली. सिस्टर मास्कमधून ऑक्सिजन देत होत्या. दहाव्या मिनिटाला आत्या स्वतः श्वास घेत होती.

मेंदूतली फिट खरी असते, शरीरावरची आकडी जवळजवळ नसते. दादाने ते पाऊल बघितलं आणि म्हणाला, “एवढंच?”

विजेचं माप सांगायचं तर आजची मशीन साधारण 800 ते 900 मिलिअँपिअर प्रवाह देतात, म्हणजे एका अँपिअरहून थोडा कमी. पण तो सलग वाहत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या, किंवा त्याहून छोट्या ठिपक्यांनी तो दिला जातो, आणि हे सगळं जास्तीत जास्त आठ सेकंदांत आटोपतं. प्रत्येकाला फिट यायला लागणारी वीज वेगळी असते, आणि वयाबरोबर ती वाढते. म्हणून पहिल्या दिवशी बहुतेक ठिकाणी थोड्यापासून सुरुवात करून रुग्णाचं माप शोधलं जातं.

चकत्या कुठे लावतात हा प्रश्न घरच्यांनी आवर्जून विचारावा. दोन्ही कानशिलांवर लावल्या तर गुण लवकर येतो, पण विसर जास्त पडतो. दोन्ही चकत्या उजव्याच बाजूला लावल्या तर भाषेचं काम करणारी डावी बाजू बरीचशी वाचते. मात्र तिथे वीज फिट येण्याच्या किमान मापाच्या पाच-सहा पट द्यावी लागते, नाहीतर फिट येते आणि गुण येत नाही. जो जीव जायच्या बेतात आहे त्याच्यासाठी डॉक्टर पहिला मार्ग निवडतील, जो टिकून आहे त्याच्यासाठी दुसरा.

फिटने मेंदूत काय घडतं? रसायनांची पातळी बदलते, मज्जापेशींना पोसणारी प्रथिनं वाढतात, आठवणींशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागाचं आकारमान वाढलेलं स्कॅनमध्ये दिसतं. एक विचार मला पटतो: आलेली फिट थांबवायला मेंदू स्वतःच जोर लावतो, आणि बरं करणारा तो जोर असावा. उपचार जसजसे पुढे जातात तसतशी फिट आणायला अधिक वीज लागते, हा त्या विचाराचा एक आधार.

वय जास्त, म्हणून गुण जास्त

हे उलटं वाटेल. पण ईसीटीचा गुण तरुणांपेक्षा वयस्कांमध्ये, आणि त्यातही भ्रम असलेल्यांमध्ये अधिक दिसतो. अमेरिकेत 60 वर्षांवरच्या 240 रुग्णांवर ‘प्राइड’ नावाचा अभ्यास झाला, तो 2016 साली प्रसिद्ध झाला. उजव्या बाजूची, अगदी छोट्या ठिपक्यांची सौम्य ईसीटी आणि सोबत एक गोळी. त्यातल्या जवळपास 62 टक्के लोकांची लक्षणं पुरती गेली, म्हणजे ‘थोडं बरं’ नव्हे, आजार उरलाच नाही. त्याला सरासरी सात-आठ वेळा ईसीटी लागली, आठवड्यातून तीनदा. म्हणजे अडीच-तीन आठवडे. गोळी बदलून बघायला जेवढा वेळ जातो, त्याच्याही आत.

आत्याचं पहिलं लक्षण आम्हाला दिसलं चौथ्या वेळेनंतर. दुपारी ती उशीला टेकून बसून दोन्ही हातांनी केस मागे घेत होती. आंबाडा घालायचा प्रयत्न. कोणी सांगितलं नव्हतं. आतडी नाहीत हे वाक्य पाचव्यानंतर बंद झालं. आठव्यानंतर ती वरणभात स्वतःच्या हाताने जेवली आणि मीठ कमी आहे म्हणाली.

धोका किती? भूल द्यायची म्हटल्यावर हृदयाचा विचार आलाच. वीज दिल्याक्षणी नाडी एकदम मंदावते आणि लगेच पुढे नाडी नि बीपी दोन्ही उसळतात. नुकताच हार्ट अटॅक किंवा मेंदूत रक्तस्राव झाला असेल, मेंदूत गाठीमुळे दाब वाढलेला असेल, तर डॉक्टर थांबतात किंवा फार जपून पावलं टाकतात. पण जगभरच्या नोंदी पाहिल्या तर एक लाख वेळा ईसीटी दिल्यावर साधारण दोन मृत्यू, असं प्रमाण निघतं. पेसमेकर असला तरी काळजी घेऊन ईसीटी देता येते. पार्किन्सन असेल तर ईसीटीने मनाबरोबर हातापायांचा ताठरपणाही काही काळ कमी होतो. आणि न खाणाऱ्या, न उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला काहीच न देणं हाही धोकाच आहे. आम्ही तो तीन आठवडे पत्करला होता.

आठवणींचं काय

इथे मला कोणाचीही खोटी समजूत घालायची नाही. विसर पडतो.

प्रत्येक वेळी जाग आल्यावर तास-दोन तास गोंधळ असतो. आपण कुठे आहोत ते कळत नाही. वयस्कांमध्ये हे जास्त, म्हणून त्या दिवशी त्यांना एकटं सोडू नये, पडण्याची भीती असते. उपचार चालू असतानाच्या आठवड्यांत नवं काही नीट लक्षात राहत नाही, ते उपचार संपल्यावर काही आठवड्यांत पूर्ववत होतं. पण उपचारांच्या आधीच्या काही आठवड्यांच्या, महिन्यांच्या आठवणींमध्ये भोकं पडतात, आणि त्यातली काही कायमची राहू शकतात.

आत्याला त्या वर्षीचे गणपती आठवत नाहीत. पणतूचं बारसं त्याच सुमारास झालं. फोटोत ती बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आहे. तिने तो फोटो माझ्याकडून मागून घेतला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, “नाव मी सांगितलं का कानात?” तिनेच सांगितलं होतं. हे नुकसान छोटं आहे असं मी म्हणणार नाही. ते तिचं होतं आणि ते गेलं. तिच्या लग्नाच्या, माहेरच्या, काकांच्या आठवणी मात्र जशाच्या तशा आहेत.

ईसीटीने पुढे स्मृतिभ्रंश होतो का, हा दादाचा प्रश्न होता. डेन्मार्कमध्ये मनोवस्थेच्या आजारांच्या दीड लाखाहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांना ईसीटी मिळाली होती त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. उलट बऱ्याच वयस्कांची विसराळू अवस्था डिप्रेशनमुळेच आलेली असते, ती आजाराबरोबर निघून जाते.

थांबलं की परत येतं

याबद्दल फार कमी कुटुंबांना नीट सांगितलं जातं. ईसीटी आजार घालवते, पण तो परत येऊ नये याची हमी देत नाही. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ईसीटीने बरे झालेल्या ज्या रुग्णांना पुढे औषध म्हणून नुसती साखरेची गोळी दिली, त्यांच्यातल्या 84 टक्क्यांचा आजार सहा महिन्यांत उलटला. डिप्रेशनची गोळी आणि लिथियम (मनाचे चढउतार आवरणारं औषध) अशी जोडी दिली तेव्हा ते प्रमाण 39 टक्क्यांवर आलं. “आई बरी झाली, आता गोळ्या कशाला,” हे वाक्य म्हणून महाग पडतं. प्राइड अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात असंही दिसलं की गोळ्यांच्या जोडीला अधूनमधून ईसीटी चालू ठेवली तर माणूस अधिक चांगला टिकतो. आधी आठवड्याने, मग पंधरवड्याने, मग महिन्याने, असं अंतर वाढवत नेतात.

फिट न आणणारे उपचार

आता दुसरा उपचार, टीएमएस, म्हणजे चुंबकाने मेंदूला चालना देणं. यात भूल नाही, फिट नाही, उपाशी राहणं नाही. 1985 साली इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचं तंत्र शोधलं. तत्त्व शाळेत शिकलेलं आहे: बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करतं. इथे वाहक म्हणजे मेंदू. खुर्चीत बसवून डोक्याजवळ एक वेटोळं धरतात. सुतारपक्षी चोच मारतो तसा टकटक आवाज येतो, म्हणून कानात बोळे देतात. आधी अंगठा उडतो तिथला बिंदू शोधून जोर किती लागेल ते ठरवतात आणि मग वेटोळं कपाळाच्या डाव्या बाजूला, किंवा दोन्ही बाजूंना सरकवतात. टाळूवर टोचल्यासारखं होतं, डोकं दुखू शकतं. आठवणींना धक्का लागत नाही.

वयस्कांची एक अडचण इथे आड येते. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, कवटीपासून दूर जातो, आणि चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतं. म्हणून जुन्या, कमी जोराच्या प्रयोगांत म्हाताऱ्यांना गुण कमी दिसायचा. जोर वाढवल्यावर चित्र बदललं. टोरंटोत 60 वर्षांवरच्या 172 रुग्णांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीची 47 मिनिटांची पद्धत आणि अवघ्या चार मिनिटांची थीटा बर्स्ट नावाची नवी पद्धत, दोन्ही सारख्याच ठरल्या. दोन्ही गटांत साधारण तिघांतला एक पूर्ण बरा झाला.

तिघांतला एक, आणि ईसीटीचे 62 टक्के. दोन्ही अभ्यासांतले रुग्ण वेगळे होते, तरी अंदाज येतो. टीएमएस त्यांच्यासाठी, ज्यांना गोळ्या लागू पडत नाहीत पण जे खातात-पितात, चालतात-फिरतात. आतडी नाहीत म्हणणाऱ्या आत्यासाठी ती नव्हती. शिवाय आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे यावं लागतं. मशीन मोठ्या शहरांत. तालुक्याच्या गावातून रोज म्हाताऱ्या माणसाला कोण आणणार, हा प्रश्न चार मिनिटांच्या पद्धतीनेही सुटत नाही. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर चालतं, पण डोक्यात किंवा कानाच्या आत धातूचं काही बसवलेलं असेल तर नाही.

टीडीसीएस हा तिसरा प्रकार फारच सौम्य: मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या दोन स्पंजांतून 2 मिलिअँपिअर, वीस-तीस मिनिटं. ईसीटीच्या चारशेव्या भागाएवढा प्रवाह. त्याने मज्जापेशी पेटत नाहीत, थोड्या तयारीत येतात, इतकंच. ब्राझीलमध्ये 2017 साली त्याची तुलना एस्सिटॅलोप्राम या डिप्रेशनच्या गोळीशी झाली, तेव्हा तो गोळीच्या तोडीस तोड आहे असं सिद्ध झालं नाही. सौम्य आजारात, गोळीच्या जोडीला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठीक. ऑनलाइन मागवलेला पट्टा आजोबांच्या डोक्याला बांधू नका, एवढं मात्र कळकळीने सांगते. मानेतल्या नसेला तार जोडणं किंवा मेंदूत तार घालणं असेही उपचार आहेत, पण त्यांना ऑपरेशन लागतं आणि सत्तरीतल्या माणसासाठी आपल्याकडे तो विचार क्वचितच होतो.

डॉक्टरांना सांगायचं, विचारायचं

सगळ्या गोळ्यांची पिशवी उचलून घेऊन जा. झोपेच्या गोळ्या, ज्या आपल्याकडे घरोघरी वर्षानुवर्षं घेतल्या जातात, त्या फिट येऊ देत नाहीत, म्हणून आधी कमी कराव्या लागतात. त्याही एकदम बंद न करता, हळूहळू. दम्यासाठी थिओफायलिन असलेली गोळी चालू असेल तर फिट लांबत जाण्याची भीती असते. लिथियम चालू असेल तर तेही सांगा. काचबिंदू, हलणारे दात, जुनं फ्रॅक्चर, सगळं सांगा. आमच्याकडून आत्याची रात्रीची अर्धी गोळी सांगायची राहिली होती. “ती काय औषध आहे का,” असं आम्हाला वाटलं. पहिल्या दिवशी फिटच नीट आली नाही, तेव्हा ते उघडकीला आलं.

संमती हा नुसता सहीचा कागद नसतो. आजींना कळत असेल तर निर्णय आजींचा, मुलाचा नव्हे. कळण्याच्या पलीकडे आजार गेला असेल तर कायद्याने नेमलेला प्रतिनिधी निर्णय घेतो, आणि हा प्रतिनिधी कोण असावा ते आपण बरे असतानाच लिहून ठेवता येतं. तातडीच्या उपचारांच्या नावाखाली संमतीवाचून ईसीटी देता येत नाही, हेही त्याच 2017 च्या कायद्यात आहे. कुठे जावं हेच सुचत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आत्याची आता दर महिन्याला एक ईसीटी असते. कॅलेंडरवर ती स्वतः त्या तारखेभोवती गोल करते. मागच्या खेपेला बाकावर शेजारी एक बाई वडिलांना घेऊन बसल्या होत्या, पहिलीच वेळ, हातातली फाईल चुरगळत होत्या. त्यांनी आत्याला विचारलं, “आजी, खूप त्रास होतो का हो?”

“झोप लागते,” आत्या म्हणाली. “मला एका वर्षीचे गणपती आठवत नाहीत. बाकी बरं आहे. त्यांना सकाळपासून काही खायला दिलं नाही ना? आणि कवळी असेल तर आत्ताच काढून ठेव.”